शून्य, आठ, पाच

"कॉमा म्हणजे नुसती सजावट गं, काढून टाक." आमचा टीम लीड हे म्हणाला त्याला आता दीड वर्ष झालं. तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. भाजी चिरताना आठवलं तर सुरी बाजूला ठेवावी लागते.

मी बेलापूरच्या एका कंपनीत कोड लिहिते. काम आलं होतं ते आमच्याच किनाऱ्यावरच्या एका सहकारी रोपवाटिकेचं. वादळात ज्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, त्यांना रोपं वाटायची होती. त्यासाठी मोबाईलवर भरायचा एक फॉर्म हवा होता. त्यात एक रकाना होता, बागेचं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये; कुणाला किती रोपं ते त्यावरून ठरायचं. माणसं आकडा हवा तसा लिहितात. कुणी १२५०० लिहितो, कुणी १२,५००. कॉम्प्युटरला नुसते अंक लागतात, म्हणून मधले कॉमे काढून टाकायचे. मी काढण्याआधी एक तपासणी घातली होती. आपल्याकडे शेवटचे तीन अंक एकत्र आणि त्यामागे दोन-दोन, अशीच आकड्याची मांडणी असते. कॉमे त्या जागी नसतील तर फॉर्मने थांबायचं आणि विचारायचं, की तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?

तक्रार आली की लाल अक्षरं बघून लोक फॉर्म अर्धवट सोडतात. मग लीडने ते सजावटीचं वाक्य टाकलं. मी भांडले. म्हटलं, कॉमा भलत्या जागी असला तर त्या माणसाला वेगळंच काहीतरी सांगायचं असतं, आपण त्याचं तोंड दाबतोय. तो हसला. म्हणाला, तू फार विचार करतेस. तपासणी काढलेला कोड त्याने माझ्याकडेच मंजुरीला पाठवला. शुक्रवार होता आणि मला गावी जायला बोर्ली पंचतनची एसटी पकडायची होती. मी मंजूरचं बटण दाबलं.

आता आत्याचं सांगते. माझी ही सख्खी आत्या बोर्लीपासून थोडं आत, खाडीच्या बाजूला एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. आतोबा वादळानंतरच्या वर्षी गेले. त्यांची सुपारीची वाडी वादळातच गेली होती, कडेचे चार माड तेवढे राहिले. पडलेली झाडं उचलून जागा मोकळी करण्यातच तिची तीन-चार वर्षं गेली. रोपं मिळणार हे कळल्यावर तिने नऊ फुटांची एक काठी तोडून घेतली, कारण सुपारी नऊ फुटांवर लावायची असते. काठी टाकायची, खूण करायची, खणायचं. माघापासून चैत्रापर्यंत तिने एकटीने एकशे दहा खड्डे खणले. मजूर लावू या म्हटलं तर म्हणाली की मजूर काठी वाकडी टाकतात.

फॉर्मही तिने स्वतःच भरला. फोनवर मला कौतुकाने सांगितलं, कुणाला विचारलं न्हाय, एकटीनं भरला. मी शाबास म्हटलं. काय भरलंस, एवढं काही मी विचारलं नाही.

ज्येष्ठात वाटपाच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. बोर्लीच्या बाजारामागे रोपांचा टेम्पो उभा होता. आत्यानेही भाड्याने एक छोटा टेम्पो आणला होता आणि त्यात रोपं दुखू नयेत म्हणून पेंढा पसरला होता. टेबलामागच्या गृहस्थांनी यादीत तिचं नाव शोधलं आणि अकरा रोपं काढून दिली. बाकीची मागे असतील म्हणून आत्या तिथेच उभी राहिली. त्यांनी पुढच्याला हाक मारली.

मी त्यांच्यावर तुटून पडले. वाट्टेल ते बोलले, आजूबाजूचे बघायला लागले तरी थांबले नाही. त्यांनी शांतपणे यादी माझ्याकडे फिरवली. क्षेत्र, पंच्याऐंशी चौरस मीटर. ते म्हणाले, बाई, एवढ्या जागेत अकराच बसतात, आणि शिल्लक एकही नाही, आता पुढच्या वर्षी.

आत्याच्या पिशवीत सातबारा होता. त्यावर ०.०८.०५ असं स्वच्छ छापलेलं. म्हणजे शून्य हेक्टर, आठ आर, पाच चौरस मीटर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, तेव्हा सगळे मिळून आठशे पाच. मला तिथेच कळायला लागलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तरी खात्री करायची म्हणून टेम्पोत बसल्यावर मी तिला विचारलं की रकान्यात काय लिहिलं होतंस. तिने सांगितलं, आमच्याकडे जमीन कशी बोलतात तसंच लिहिलं, शून्य, आठ, पाच. आधी मधे टिंबं दिली ती फॉर्मने घेतली नाहीत. मग कॉमे दिले, ते घेतले. आठ आणि पाच यांना चिकटलेली शून्यं तिने गाळली होती. आमच्या गावात आठ आरला शून्य आठ असं कुणी म्हणत नाही.

०,८,५. मांडणीच्या कुठल्याच नियमात हे बसत नाही. माझ्या तपासणीने ते तिथल्या तिथे अडवलं असतं. तपासणी नव्हती म्हणून कॉमे गळाले, ८५ उरले आणि फॉर्मने हिरवी खूण करून धन्यवादही म्हटलं. सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? ज्यांनी ०,०८,०५ असं शून्यांसकट लिहिलं त्यांचे बरोबर ८०५ झाले, निव्वळ नशिबाने. त्यामुळे वाटप होईपर्यंत कुणाला काही खटकलंच नाही. चूक झाली ती फक्त माझ्या आत्यासारख्यांची, जे बोलतात तसं लिहितात.

मी रस्त्यातूनच लीडला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, युजरने चुकीचं भरलं तर आपण काय करणार? मी म्हटलं, ती युजर माझी आत्या आहे. तो म्हणाला, अरेरे. मग म्हणाला, सोमवारी बघू. सोमवारी मी कुणाची परवानगी न घेता तपासणी परत घातली आणि रोपवाटिकेला अशा सगळ्या नोंदी शोधून पाठवल्या. त्याला जाब विचारायचा असेल तर विचारू दे, असं म्हणून दिवसभर वाट बघितली. त्याने विचारलंही नाही. रोपं मात्र संपली होती ती संपलीच.

पण त्याआधीचं राहिलं, वाटपाच्याच दिवशीच्या संध्याकाळचं. आत्या वाडीत गेली आणि विहिरीकडच्या ओळीत एकेक रोप लावायला लागली. मी खत घालत होते. अकरा खड्डे भरायला कितीसा वेळ लागतो. पुढे नव्याण्णव तसेच उघडे, काठीने मोजलेले, सरळ ओळीत.

सुपारी धरायला सात वर्षं लागतात हे आम्हा दोघींना माहीत होतं.  आत्या बोलली ते दुसरंच.

"माझंच चुकलं. शून्य घालाया हवं हुतं."

हे मला सोसलं नाही. लीडने तिच्यावर ढकललं तेव्हा मी चिडले होते, पण ती आपणहून ते अंगावर घेत होती आणि मी घेऊ देत होते. मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म आमच्याच कंपनीचा आहे, अशी चूक अडवायची सोय मीच केली होती, ती काढायला मीच मंजुरी दिली.

ती उकिडवी बसली होती, तशीच माझ्याकडे वळली.

"तुला ठावं हुतं व्हय, असं व्हईल म्हणून?"

"हो."

"मंग बोलली का न्हायस?"

"बोलले होते. भांडले होते आत्या."

"किती?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. 

"एक दुपार," मी म्हटलं.

आत्याने हातातलं रोप खड्ड्यात सरळ धरलं, माती लोटली आणि पायाने दाबून घट्ट केली. मग काठी उचलून तिने बाराव्या खड्ड्यापासून थेट बांधापर्यंत फिरवली.

"मी दोन महिने खणत हुते," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला विहिरीकडे गेली.