दहा पावलांच्या आत

शिट्टीचा गुडघा मोडला तेव्हाचा आवाज कुंपणापलीकडे सायकली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेला. वाळकं लाकूड मोडावं तसा. शिट्टी म्हणजे आपला पंच. आठवडाभर काचेच्या दुकानात काचा कापायच्या आणि रविवारी फुटबॉलच्या मैदानावर शिव्या खायच्या, हा त्याचा क्रम. आईबापानं ठेवलेलं नाव कागदोपत्री उरलं होतं तेवढंच.

त्या रविवारी त्यानं रोलरच्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली. रोलर भंगाराच्या गोदामात हमाल होता, लोखंडाच्या तुळया खांद्यावर वाहणारा, आणि मैदानात गोलसमोरचा शेवटचा माणूस. "कुठून बघितलंस रे तू?" म्हणत तो धावत आला आणि त्यानं बुटासकट लाथ घातली, नेमकी गुडघ्यावर. शिट्टी पडल्यावर बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. दोन बरगड्या मोडल्या आणि एक दात गेला. रोलरला वर्षभर बंदी झाली. शिट्टीला चौदा महिने, ती डॉक्टरांनी घातली.

भेटायला आलेले हळहळायचे. "खरं बोलणाऱ्याला असंच होतं," म्हणायचे. शिट्टी भिंतीकडे बघायचा. कारण पेनल्टी दिली तेव्हा तो चाळीस पावलं मागे, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होता. त्याला काहीएक दिसलं नव्हतं. एक जण पडला, लोक ओरडले, आणि त्यानं शिट्टी फुंकली. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, ताईलाही नाही.

पंचांचा एक नियम कुठल्या पुस्तकात नसतो. दहा पावलांच्या आत असलास तर चुकलेलंही खपतं, आणि चाळीस पावलांवरून बरोबर बोललास तरी तुडवतात. म्हणून त्याला पुन्हा धावायचं होतं.

ताई इस्पितळात मोडक्या लोकांचे व्यायाम घ्यायची. धाकट्या भावाचा गुडघा हाती लागल्यावर तिनं लहानपणापासूनचं सगळं वसूल केलं. त्याला पालथा पाडायची, पाठीवर बसायची आणि पाय मागे दाबायची.

"वाकव."

"वाकत नाहीये गं."

"गुडघा वाकतोय. तूच ताठ आहेस."

आत काहीतरी टरकन फाटायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. एकदा त्यानं उशी दातांनी फाडली. ताई शांतपणे म्हणाली, "कापूस गिळू नकोस, अजून दहा वेळा आहे."

अकराव्या महिन्यात धावणं सुरू झालं. तो पुढे लंगडत, ती मागे सायकलवर, हातात चाकात हवा भरायचा पंप. वेग कमी झाला की पाठीत एक दणका. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येताना तो पहिल्या दिवशी तीनदा आपटला. तळहाताची सालटी रस्त्यावर राहिली.

"हे सगळं कशासाठी, माहितीये ना?" ताईनं विचारलं. "मारायला आले की पळायचं. कबूल?"

"कबूल."

पंचांच्या प्रमुखानं त्याला एकच सामना दिला. मागे पडलास तर कायमचा घरी बस, असं बजावून. सामना रोलरच्या संघाचा होता, कारण दुसरा कुणी पंच जायला तयार नव्हता.

सामना कसला, नुसती कत्तल. पाचव्या मिनिटाला कोपरानं एकाचं नाक फुटलं. विसाव्या मिनिटाला डोक्यावर डोकं आपटून दोघं आडवे झाले आणि एकाची भुवई उकलली. शिट्टीनं दोघांना लाल कार्ड दाखवून हाकललं. जाता जाता एक जण त्याच्या बुटावर थुंकला. गुडघ्यात प्रत्येक पावलाला खिळा ठोकल्यासारखं होत होतं, पण तो चेंडूच्या मागे होता. आठ पावलं, नऊ पावलं. दहाव्याला तो स्वतःलाच शिवी घालायचा.

बरोबरी होती. चार मिनिटं उरली असताना समोरचा एक जण चेंडू घेऊन आत घुसला. रोलर आडवा गेला. चेंडूवाला किंचाळत कोसळला.

"पेनल्टी!" अर्धं मैदान ओरडलं.

शिट्टी पाच पावलांवर होता. रोलरचा पाय त्याला लागलाच नव्हता. त्यानं मान हलवली आणि पडलेल्याला ढोंगासाठी पिवळं कार्ड दाखवलं.

मग पडलेल्याच्या संघातले सगळे अंगावर आले. कुणी गळपट्टी धरली, कुणी कानाखाली जाळ काढला. ओठ फुटला. कुंपणाजवळून ताईचा आवाज आला, "पळ रे, मूर्खा!" तो पळू शकत होता. त्यांच्यातल्या कुणापेक्षाही आता त्याचा दम जास्त होता. पण त्यानं पाय रोवले. त्याच जागेवरून कार्डं निघत राहिली, एक, दोन, तीन, आणि माणसं शिव्या देत पांगली.

रोलर तिथंच उभा होता. हळूच म्हणाला, "मागच्या वेळीही असंच बघितलं होतंस?"

शिट्टीनं तोंडातलं रक्त थुंकलं. "नाही. तेव्हा काही दिसलं नव्हतं. नुसतीच फुंकली."

रोलरच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मूठ वर आली.

"आत्ता मारलंस तर बाहेर काढावं लागेल," शिट्टी म्हणाला. "चार मिनिटं थांब."

मूठ खाली गेली. रोलर जागेवर गेला. शिट्टी पुन्हा धावू लागला, आणि शेवटपर्यंत एकदाही मागे पडला नाही.

शेवटची शिट्टी वाजली. ताई कुंपणाचं फाटक धरून बोलावत होती. शिट्टी मधल्या वर्तुळात चेंडू काखेत धरून थांबला. रोलर चालत आला. त्यानं हात पुसला आणि एक लगावली, अशी की शिट्टीचं अख्खं अंग एका बाजूला कलंडलं.

पाय मात्र जागचा हलला नाही.

रोलरनं त्याच्या गुडघ्याकडे बघितलं.

"तग धरतोय की," तो म्हणाला.

"धरतोय," शिट्टी म्हणाला.

रोलर आणखी जरा वेळ बघत राहिला, मग बूट सोडायला गवतात बसला.