थरथरत्या हातासाठी कॅमेरा

मी शाळेतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत माझा उजवा हात थरथरू लागला. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवताना फळ्यावर फुलांच्या आकृत्या काढल्या, आणि आता आमटी वाढताना ती वाटीबाहेर सांडत होती. डॉक्टर म्हणाले, हा कंप जिवाला धोक्याचा नाही, पण पूर्ण जाणारही नाही. मी ठरवलं, आता याच हातानं काय काय जमतं ते बघायचं.

धायरीत आमच्या सोसायटीमागे टेकडी आहे. पाऊस ओसरला की तिथल्या गवतात करंगळीच्या नखाएवढी फुलं येतात. मला त्यांची चित्रं काढायची होती. पेन्सिल काही हातात ठरेना. मग म्हटलं, फोटो काढू.

मुलगा हडपसरला राहतो. रविवारी आला तेव्हा त्यानं माझ्याच फोनवर एका फुलाचा सुरेख फोटो काढून दाखवला आणि म्हणाला, वेगळा कॅमेरा कशाला हवा? मी घेतला की थरथरतं उजवं बोट काचेवर दोनदा पडायचं, त्या धक्क्यानं डाव्या हातातला फोन डुगडुगायचा, आणि फुलाऐवजी मागचं गवत स्पष्ट यायचं.

"आई, कुठलं फूल हवं ते तू मला दाखव, मी काढून देतो," तो मायेनंच म्हणाला.

"फोटो मला काढायचाय. तू काढलेला घेऊन मी काय करू?"

यजमान बाजूला पेपर वाचत होते. ते म्हणाले, "चहाचा कप धरवत नाही, आता कॅमेरा धरणार." तरी दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या दुकानात जायला माझ्याआधी तेच चपला घालून दारात उभे होते.

निघण्यापूर्वी मी टेकडीवरून नभाळीची काही जांभळी फुलं आणली आणि ओल्या कापसावर ठेवून छोट्या डबीत घातली. कॅमेरा कसा हवा ते मनात पक्कं होतं. त्याला दाबता येईल असं खरंखुरं बटण हवं, फुलाला अगदी चिकटवून धरला तरी चित्र स्पष्ट यायला हवं, आणि नातीचे नि कुंड्यांचे रोजचे फोटोही त्यातच निघायला हवेत. शिकायला क्लास लावावा लागला नाही म्हणजे झालं.

पहिल्या दुकानात विक्रेत्यानं जड कॅमेरा काढला. जवळच्या फोटोंना वेगळी लेन्स लागेल, शिवाय स्टँड घ्यावा लागेल, असं तो यजमानांना समजावू लागला.

"कॅमेरा मला घ्यायचाय. माझ्याशी बोला," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, साधे कॅमेरे हल्ली कोण घेतं, सगळं फोनमध्येच आलंय. आम्ही बाहेर पडलो.

दुसरं दुकान कसबा पेठेजवळच्या गल्लीत होतं. तिथले मालक आमच्याच वयाचे. त्यांच्याकडे तीन-चार छोटे कॅमेरे उरले होते. ते काउंटरवर मांडत म्हणाले, "बघायला काही पैसे पडत नाहीत. फक्त कॅमेरा पाडू नका."

एकाचं बटण तांदळाच्या दाण्याएवढं होतं. एक हातातून निसटायला बघत होता. तिसरा बोजड, पण पकडीला खरबरीत. त्याचं बटण मोठं होतं आणि वरच्या चकतीवर फुलाचं चित्र होतं. चकती त्या चित्रावर फिरवली की तो जवळचं बघतो, असं मालकांनी सांगितलं. मी डबी उघडून फोटो काढला. अस्पष्ट आला. पुन्हा काढला, पुन्हा तेच. बटण दाबताना हात हलत होता. फुलं मिटायला लागली होती. यजमान हळूच म्हणाले, "राहू दे आता."

मी राहू दिलं नाही. बटण दाबल्यावर जरा थांबून फोटो निघेल अशी काही सोय आहे का, असं मालकांना विचारलं. सोय होती, पण ती स्वतः फोटोत उभं राहणाऱ्यांसाठी असते, असं ते म्हणाले.

"असू दे. सगळ्यात कमी वेळावर लावून द्या."

कापडी पिशवीची घडी करून मी तिच्यावर कॅमेरा टेकवला, बटण दाबलं आणि दोन्ही हात मागे घेतले. दोन सेकंदांनी क्लिक झालं. मालकांनी पडद्यावर फोटो मोठा करून दिला. पुंकेसरांवरचे जांभळे केस मण्यांच्या माळेसारखे स्पष्ट दिसत होते. हे मी मुलांना सूक्ष्मदर्शकातून दाखवत असे. यजमानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हे त्या डबीतलंच फूल?"

कॅमेरा घेतला. घरी एका पिशवीत मूग भरून तिचं तोंड शिवून टाकलं. आता ती पिशवी गवतात ठेवते, तिच्यावर कॅमेरा टेकवते आणि पालथी पडून बटण दाबते. बरेच फोटो बिघडतात, ते पुसून मी पुन्हा काढते. फिरायला येणारे लोक घाबरून विचारतात, बाई पडल्या का? माझ्या शेजारी छत्रीची सावली धरून उभे असलेले यजमान त्यांना सांगतात, "पडलेल्या नाहीत. त्यांचं काम चाललंय."

या आठवड्यात मी मुंग्यांचे फोटो काढायला घेतले आहेत. मुंगी दोन सेकंदसुद्धा एका जागी थांबत नाही. त्यावरही काहीतरी तोड काढेन.