वामेचा मामा

“आता तिसऱ्यांदा नाही,” केसेगो फोनवर म्हणाली. “या शनिवारी तू आला नाहीस तर कुंपणाच्या लाकडाला कोट चढवीन आणि त्यालाच विचारीन, काय हो मामा, देता का भाची? लाकूड निदान जागेवर तरी असतं.”

मोलेफे तेव्हा माऊन शहरातल्या पेट्रोल पंपावर उभा होता. ट्रकच्या पोटात डिझेल चाललं होतं. वरच्या खिडक्यांतून आठ पाहुणे खाली बघत होते आणि त्यांतला एक, हर्मान नावाचा निवृत्त दंतवैद्य, काचेवर बोट वाजवून विचारत होता, उशीर कशामुळे.

“येतो, ताई. शपथ.”

“शपथ नको घेऊस. तुझ्या शपथा तुझ्या ट्रकसारख्या. रुतल्या की दुसऱ्यांनी ढकलायच्या.”

तिचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच त्याचं डोकं जास्त फिरलं. मुलाकडची वडीलधारी माणसं शनिवारी सूर्याआधी येणार, फाटकाबाहेर जमिनीवर बसणार, आणि मुलीचा मामा आपल्या खुर्चीत बसेपर्यंत त्यांना आत बोलावता येणार नाही, हे मोकोबे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. पहिल्या खेपेला ती बिचारी उन्हं चढेपर्यंत बसून राहिली आणि कपडे झटकून परत गेली. त्या दिवशी मोलेफेचा ट्रक सावुटीच्या काळ्या चिखलात आसापर्यंत रुतला होता. दुसऱ्या खेपेला जोडीदार गाइडला हिवताप झाला, त्याच्या जागी मोलेफेला धाडलं गेलं, आणि मुलाकडच्यांना आदल्या संध्याकाळी निरोप गेला. “मामा जंगलात नोकरीला आहे की जंगलानं खाल्लाय?” असा उलटा निरोप आला. तो केसेगोनं भावाला शब्दन्शब्द ऐकवला होता.

ती त्याच्याहून मोठी. आई गेली तेव्हा तो गावापासून दूर गुरांच्या तळावर वासरं राखत होता. त्याला तिथून उठवून, पायात बूट घालून शाळेत बसवला तो तिनं. पुढे तिचा नवरा खाणीवर गेला तो परतलाच नाही. राहिली एक मुलगी, वामे. ती आता गावच्या दवाखान्यात परिचारिका होती. मागणी घातलेला मुलगा पाण्याच्या पंपावर काम करी. सरळ माणूस. दोनदा अपमान होऊनही तो टिकला, यावरून तरी तसंच दिसत होतं.

मोलेफेचं आयुष्य मात्र ट्रकवर गेलं होतं. माऊनहून मोरेमीचं रान, तिथून ख्वाई, सावुटी, चोबे, आणि मिठाच्या कोरड्या मैदानांच्या कडेनं परत. पाहुणे बदलत, प्रश्न बदलत नसत. सिंह ट्रकवर उडी मारील का? हत्तीला राग येतो का? तुम्हाला इथं कंटाळा येत नाही का? हे सगळे स्वस्तातल्या सहलीचे पाहुणे. तंबू आपले आपण ठोकायचे, भांडी आपली आपण घासायची, असं ठरलेलं. पहिल्या दिवशी ते गाणी म्हणत भांडी घासत. फडक्यानं रोग पसरतात म्हणून ताटं हवेत हलवून वाळवायची, तर सगळे मिळून पंख फुटल्यासारखे ताटं फडफडवत आणि एकमेकांचे फोटो काढत. तिसऱ्या दिवसापासून ताटं मा-पेलो एकटी हलवायची. मा-पेलो स्वयंपाकीण. तिला संताप आला की ती जास्तच गोड बोलते, हे पाहुण्यांना शेवटपर्यंत कळत नसे.

या धंद्यात खरं काम एकच होतं, थांबण्याचं. इंजिन बंद करायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि जनावराला त्याच्या वेळेनं येऊ द्यायचं. घाई केली की रान मिटून जातं. मोलेफे हे इतकं शिकला होता की कधीकधी त्याला वाटे, आपल्या आत काहीतरी असंच इंजिन बंद करून उभं आहे आणि ते पुन्हा चालू करायचं राहून गेलंय. रानातली जनावरं तो येईपर्यंत थांबत नसत, पण न दिसल्याबद्दल दोषही देत नसत. घरची माणसं दोष देत. ती शनिवारी मरत, शनिवारी पुरली जात, शनिवारी लग्नं करत. आणि शनिवारी तो नेहमी कुठल्यातरी पाणवठ्यावर कुणालातरी झेब्रा दाखवत असे.

या वेळी त्यानं सगळं नीट जुळवलं होतं. शुक्रवारचा मुक्काम वन्यप्राण्यांच्या पार्कच्या बाहेर, बोतेती नदीच्या काठी. तिथून गाव गाडीनं जवळ. पहाटे चुलतभाऊ गाडी घेऊन येणार, पाहुणे झोपलेले असतानाच मामा खुर्चीत. शनिवारी दुपारी पाहुण्यांना माऊनच्या विमानावर सोडलं की सहल संपली. कोटपॅन्ट ट्रकच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेली होती आणि हर्मानला ती पहिल्या दिवसापासून खुपत होती.

“कुणाचं लग्न आहे?” त्यानं विचारलं.

“अजून ठरलेलं नाही,” मोलेफे म्हणाला. “मी पोचलो तर ठरेल.”

हर्मान खूप हसला. त्याला तो विनोद वाटला.

शुक्रवारी दुपार कलली तेव्हा हर्माननं कुरकूर सुरू केली. बिबट्या राहिला. सगळं दिसलं, बिबट्या राहिला. पत्रकावर तर बिबट्याचं चित्र आहे.

“डॉक्टर, चित्र दुसऱ्या कुणी काढलंय. मी फक्त ट्रक चालवतो.”

“पण थोडं थांबून बघायला काय हरकत आहे?”

“हरकत आहे,” मोलेफे म्हणाला आणि गाडी हाकत राहिला. नकार देता आला याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. तेवढ्यात नदीच्या वरच्या अंगाला वानरं भुंकली. ते नुसतं भांडण नव्हतं, तो इशारा होता. ठिपकेवाला खाली असला की करतात तो. पाहुण्यांपैकी कुणालाही ते ऐकू आलं नाही. मोलेफे काही बोलला नसता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याचा पाय परस्पर ब्रेकवर गेला.

पुढे बसलेली मा-पेलो त्याला मानानं ‘रा’ म्हणायची. “रा, पाय उचला,” ती म्हणाली.

“एकच मिनिट.”

“तुमचं मिनिट मी ओळखते. त्यात माझे केस पिकलेत.”

बिबट्या होता. गवतात कुठेतरी होता, कारण वानरं एकाच झुडपाकडे बघत होती. पण तो बाहेर आला नाही. उन्हं तांबडी झाली, मग राखी झाली. अंधारात पार्कमध्ये गाडी चालवायला बंदी, फाटक मिटलं. आतच नदीच्या वळणावर तंबू ठोकावे लागले. चुलतभावाला फोन लागेना. हर्मान म्हणाला, इतकं थांबून बिबट्या दिसला नाही, ही व्यवस्थापनाची चूक आहे. मा-पेलोनं त्याला अतिशय गोड आवाजात आणखी सूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ट्रक पार्कच्या फाटकाशी उभा होता. सगळे पाहुणे अर्धवट झोपेत, अंगावर रजया, पोटात काही नाही. थंडीनं जबडे वाजत होते. पहारेकऱ्यानं साखळी काढली. मोलेफेनं ट्रक असा सोडला की मागे भांडी कोसळली.

आणि वळणावर हत्ती.

आठदहा माद्या, पोरंबाळं. अख्खा रस्ता अडवून उभ्या. एक मादी निवांतपणे झाडाची साल सोलत होती, तिचं पिल्लू तिच्या पायांमधून सोंड काढून ट्रककडे बघत होतं. मागे एकदम जाग आली. कॅमेरे निघाले. “अरे देवा, किती सुंदर,” कुणीतरी म्हणालं.

मोलेफेनं इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले. समोर, काटेरी झाडांच्या मागे, आकाशाची कड पिवळी झाली. तिकडे मोकोबेत, घराच्या फाटकाबाहेर माणसं बसली असतील. म्हातारी माणसं, गार वाळूवर. पिल्लानं सोंड तोंडात घातली. मादीनं साल खाल्ली आणि दुसरी सोलायला घेतली. पिवळ्याचा नारिंगी झाला.

त्यानं हॉर्न वाजवला.

एकदा नाही, दाबून धरला. मागे कुणीतरी किंचाळलं. मादी गर्रकन वळली, कान फाकवून तीन ढांगा पुढे आली, तिच्या पायांची धूळ काचेवर येऊन आदळली. मोलेफेनं हॉर्न सोडला नाही. मादी थबकली. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं जसं केसेगो पाहायची, आणि पोरांना ढकलत ती रस्त्यावरून बाजूला झाली.

“तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं!” हर्मानचा आवाज कापत होता. “हत्तीसमोर कधीही हॉर्न…”

“मी पुष्कळ काही सांगतो, डॉक्टर.”

इतकी वर्षं जपलेली एक गोष्ट त्यानं आज मोडली होती, आणि तरीही सूर्य वर आलाच होता.

मोकोबेत फाटकाबाहेर मुलाकडची माणसं बसलेली होती. बायका निळ्या छापील झग्यांत, खांद्यावर चौकड्यांची ब्लँकेटं. पुरुष कोट घालून, टोप्या गुडघ्यांवर. ट्रक थांबला आणि त्यामागची सगळी धूळ त्यांच्यावर जाऊन बसली.

“मामा आला म्हणायचा की सर्कस?” एक म्हातारी खोकत म्हणाली.

केबिनमध्ये वाकून, कोपरं आपटत त्यानं कपडे चढवले. मा-पेलोनं त्याच्या कोटाची कॉलर खाली ओढली. “दात घासले नाहीत तुम्ही,” ती म्हणाली. “फार तोंड उघडू नका.”

अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. मधली त्याची. शेजारी घरातले सर्वांत वयस्क काका, रा-सेबोनी, डोळे मिटून बसले होते. ते झोपलेत की रागावलेत हे सांगता येत नव्हतं. मागे मोठ्या हंड्यांत मांस रटरटत होतं. घराच्या दारात बायकांच्या घोळक्यात केसेगो उभी होती. तिनं भावाकडे बघितलं नाही.

मुलाकडच्यांना आत बोलावलं. ते येऊन समोर बसले. त्यांचा बोलणारा म्हातारा बारीक अंगाचा, हनुवटीवर पांढरे चार केस. त्यानं घसा साफ केला. मुलीचं नाव न घेता, पाण्याच्या तुंब्याच्या आडून ती मागायची रीत होती.

“आम्ही वाटसरू माणसं. लांबून आलो. आमच्या आजोबांच्या काळी पाऊस वेळेवर येत असे. तेव्हाची गोष्ट. मग एक दुष्काळ पडला, विहिरी आटल्या. आता तहान लागली म्हणून दारोदार हिंडतोय. कानावर आलं की या घरी पाण्याचा एक तुंबा आहे. त्या दुष्काळात तर काय झालं…”

मोलेफे ऐकत होता, पण त्याला दिसत होती ती मादी. मग दुपारचं विमान, मग हर्मानचं तक्रारीचं पत्र, मग डिझेलचा काटा. म्हातारा अजून आजोबांच्या दुष्काळातच होता. तिथून बाहेर यायला त्याला तीन पिढ्या लागल्या असत्या.

“न्या,” मोलेफे म्हणाला. “तुंबा तुमचाच. दिला.”

दारातल्या बायकांनी आनंदानं किलकारी मारायला जिभा उचलल्या आणि तशाच ठेवल्या. हंड्याजवळचा पुरुष ढवळायचा थांबला. बोलणारा म्हातारा तोंड उघडं टाकून बसला होता, दुष्काळ अर्धा राहिलेला.

रा-सेबोनींनी एक डोळा उघडला. “मोलेफे, शेळी विकतोयस का?”

“नाही, काका. उशीर झाला म्हणून…”

“उशीर?” केसेगोचा आवाज दारातून आला. पुरुषांच्या बैठकीत बाईनं बोलू नये हे ती जाणत होती आणि ते तिनं बाजूला ठेवलं होतं. “बिबट्यासाठी थांबायला वेळ होता ना तुला? चुलतभाऊ अंधार असतानाच पार्कच्या बंद फाटकापर्यंत येऊन रिकामा परत गेलाय, काल शेवटी बाहेर पडलेल्या गाडीवाल्यांनी तुला थांबलेला पाहिला होता, हे पहारेकऱ्यानं सांगितलं त्याला. आणि माझी लेक म्हणजे काय कालची लापशी? मागितली की काढून दिली? उद्या तिच्या सासरी काय म्हणतील? हिचा मामा हिला टाकायलाच बसला होता!”

मोलेफेला संताप आला होता, पण तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. सगळ्या वाटा फिरून तो त्याच्याच खुर्चीत येऊन बसत होता.

रा-सेबोनींनी काठी जमिनीवर टेकली. “पाहुण्यांनो, परत फाटकाबाहेर जा. आम्हाला काही ऐकू आलेलं नाही. पहिल्यापासून या.”

“बरं झालं,” तो बारीक म्हातारा उठत म्हणाला. “माझं अर्ध्यातच तोडलं होतं.”

माणसं बाहेर गेली, पुन्हा जमिनीवर बसली, पुन्हा बोलावली गेली. तेवढ्या वेळात मोलेफेच्या ध्यानात आलं की मामानं विचारायचे प्रश्न त्याच्यापाशी नाहीत. मामानं अडवायचं असतं, पण कशावरून? वामेला काय आवडतं? ती रागावली की काय करते? सावुटीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या हत्तीचा फाटका कान त्याला ओळखता येत असे. भाचीचा चेहरा आठवायला गेलं की शाळेच्या गणवेशातली एक पोर आठवे, आणि तीसुद्धा पाठमोरी. दाराचा पडदा हलला. मागे कुणीतरी उभं होतं, नियमाप्रमाणे लपलेलं.

म्हाताऱ्यानं पुन्हा वाटसरूंपासून सुरुवात केली. तुंब्यापर्यंत आला.

“थांबा,” मोलेफे म्हणाला. “आमची मुलगी रागावली की काय करते, तुम्हाला माहीत आहे?”

म्हातारा गोंधळला. असलं कुणी विचारत नसतं. “नाही.”

“मलाही नाही,” मोलेफे म्हणाला. “मग मी देतोय काय आणि तुम्ही नेताय काय?”

मग पडद्यामागून, नियम मोडून, एक आवाज आला, “भांडी घासत बसते, मामा. घासलेलीच पुन्हा घासते.”

बायका फिसकन हसल्या. केसेगोनं तोंडावर पदर धरावा तसं ब्लँकेटचं टोक धरलं. मुलाकडचे म्हातारे एकमेकांकडे वळून गंभीरपणे कुजबुजू लागले, जणू हा आकडा त्यांच्या हिशेबात धरायचा राहिला होता.

कुंपणाशी मा-पेलो येऊन उभी राहिली. “रा, डॉक्टर विचारतोय, अजून किती वेळ? नाश्ता नाही, विमान चुकेल म्हणतो. पत्र लिहायला घेतलंय त्यानं.”

“लिहू दे. त्याला सांग, मुलीचा मामा बसलाय.”

मग तो खुर्चीत नीट मागे टेकला आणि बारीक म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, “हं, दुष्काळाचं सांगत होतात तुम्ही. विहिरी आटल्या. पुढे?”