तिसरी ओळ
पिवळी पडून सडलेल्या मेथीचा वास आला, की मले ती ग्रामसभा आठवते. वावरातून रस्त्यावर यायची आमची पांदण माह्या दिरानं नांगरून टाकली होती, अन् वाशीमच्या बाजारासाठी बांधलेल्या मेथीच्या जुड्या वावरातच सडल्या. मले लिहिता येत नाही. अख्ख्या गावाचे अर्ज तोच लिहायचा अन् सभेत खड्या आवाजात तोच वाचायचा. "वहिनी, तक्रार करा ना, मीच लिहून देतो," असं तो हसून म्हणाला, तेव्हा माह्या डोक्यात तिडीकच गेली. त्या सडक्या मेथीत उभी राहून मी मोबाइलातल्या एआयशी बोलली. आधी पुस्तकातल्यासारखं बोलायले गेली अन् अडखळली. मग तोंडात येईल ते वऱ्हाडीत बोलत सुटली. सगळं ऐकून त्यानं अर्ज लिहायले घेतला अन् विचारलं, "शिव्या गाळू का?" म्हटलं, "शिव्या गाळ, नाव ठेव." मेडशीच्या झेरॉक्सवाल्याकडून तो अर्ज छापून आणला अन् सभेत दिराच्याच हातात दिला. त्यानं सवयीनं, आधी न पाहता, ऐटीत वाचायले सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत स्वतःचं नाव आलं अन् त्याची बोबडीच वळली. मी म्हटलं, "वाचा ना भाऊजी, थांबले काहून?" खालच्या माह्या अंगठ्यापर्यंत वाचून घेतलं त्याच्याकडून. पांदण कधीचीच मोकळी झाली. अर्ज मात्र मोबाइलात जपून ठेवला आहे. आजही मेथीचा तसा वास आला, की मोबाइलले म्हणते, वाच रे, तिसरी ओळ पुन्हा एकदा वाच.