रणगाड्यातलं झबलं

परवा शेजाऱ्यांनी दारांना ऑइलपेंट लावला आणि त्या वासानं मला वालूरचं आमचं अंगण आठवलं. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून एसटी बंद होत्या, म्हणून परभणीला निघालेले आमचे हे घरीच राहिले आणि जुन्या घेतलेल्या ट्रॅक्टरवरचं आधीच्या मालकाचं नाव रंगानं बुजवायला बसले. फौजेतून सुटून त्यांना फार दिवस झाले नव्हते. मधेच ब्रश थांबवून म्हणाले, "लढाईत असाच एक रणगाडा रंगवला होता आमी. दुश्मनाचा, हाती लागलेला. त्यांची खूण बुजवून आपली काढली अन् त्याच्यातूनच लढलो." शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "आत काय होतं रे?" "लेकराचं झबलं. ड्रायव्हरच्या जागेपाशी बांधलेलं. ते मातर आमी काढलं न्हाई." सासूबाईंचे हात थांबले. "अन् त्या लेकराचा बाप?" ह्यांनी ब्रश रंगात बुडवून ट्रॅक्टरवरच्या नावावर आणखी एक हात मारला. मग म्हणाले, "पळाला असंल, माय." "पळालाच असंल," असं म्हणून त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या. आता सासूबाई नाहीत. हे रोज माझ्यासमोर बसून चहा घेतात, पण तो खरंच पळाला होता का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.