हळदीतला लाल पट्टा

प्रकल्पात मला पहिलं काम मिळालं ते प्लेट धरायचं. करड्या रंगाची, वहीएवढी प्लेट. ड्रोन उडवण्याआधी कॅमेऱ्याला ती दाखवावी लागते, म्हणजे त्या दिवशीचं ऊन कसं आहे ते त्याला कळतं. रिमोट मात्र माझ्याबरोबरच्या मुलाकडं. आम्ही दोघंही कृषी पदवीधर, प्रशिक्षणही एकाच वेळी घेतलेलं. तरी प्रकल्पाचे साहेब म्हणाले, "तू प्लेट बघ. यंत्र महागाचं आहे."

मी प्लेट धरली. पण धरून उभी असताना त्याचं काय चुकतंय ते मोठ्यानं सांगायचं मात्र सोडलं नाही. वारा कुठून आहे, ढग कुठं आला, उंची किती कमी झाली. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "घे, तूच उडव." पुढं तो दुसऱ्या नोकरीवर गेला आणि रिमोट माझ्याकडंच राहिला.

आमचं काम हळदीचं होतं. निरोगी पान उन्हातला एक भाग, जो माणसाला दिसत नाही, तो जोरात परत फेकतं. पान आतून थकलं की हे परत फेकणं कमी होतं, आणि ते पिवळं पडायच्या बरंच आधी कमी होतं. आमचा कॅमेरा नेमका तोच प्रकाश टिपायचा. मग लॅपटॉपवर शिवाराचा नकाशा तयार व्हायचा: जोमदार पीक हिरवं, थकलेलं लाल. का थकलं ते कॅमेरा सांगत नाही. ते बघायला वावरातच जावं लागतं.

प्रकल्पासाठी निवडलेलं एक वावर शिरड शहापूरकडच्या आमच्या बंजारा तांड्याला लागूनच होतं. मालक गावातले वजनदार शेतकरी. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणते. त्यांच्या रानाच्या खालच्या अंगाला आमचं वावर. वडील गेल्यापासून ते याडीच कसते. याडी म्हणजे आई. घरात आम्ही गोरमाटी बोलतो. इथं तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे.

पावसाळा सरत आलेला. हळद कंबरेला लागली होती. मी काकांच्या रानावरून ड्रोन फिरवला. वळताना तो थोडा बाहेर जातो, त्यामुळं आमच्या वावराचेही फोटो आले. संध्याकाळी नकाशा उघडला तर काकांचं रान बहुतेक हिरवं, आणि आमच्या वावरात धुऱ्यापासून, म्हणजे दोन्ही रानांमधल्या बांधापासून, खाली तिरका गेलेला एक लाल पट्टा.

याडीला दाखवला. ती म्हणाली, "यंत्र बिघडलं असंल. हळद कशी हिरवीगार हाय, जाऊन बघ."

सकाळी गेले. खरंच हिरवीगार होती. पट्ट्यातलं एक झाड धरून ओढलं तर ते हिसका न देताच हातात आलं. खोडाचं बूड मऊ पडलेलं, कंद तपकिरी, आणि त्याला असा वास की याडीनं पदर नाकाला लावला. पट्ट्याबाहेरचं झाड उपटलं तर कंद ठणठणीत. मी पट्टा धरून वर वर चालत धुऱ्यापर्यंत गेले. तिथं मातीतून पाणी झिरपत होतं.

तिथं पूर्वी चर होता. वरचं सगळं पाणी तो ओढ्याला नेऊन सोडायचा. उन्हाळ्यात काकांनी जेसीबी लावून तो बुजवला आणि त्यावर हळदीचे वाफे वाढवले. तांड्यातल्या सगळ्यांनी ते बघितलं होतं. बोललं कुणीच नव्हतं.

मी त्याच दिवशी काकांकडं गेले. ते ओसरीवर बसले होते. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या वावरात यंत्र उडवायचं अन् माझ्यावरच उलटायचं व्हय?"

"उलटत न्हाई काका. चर मोकळा करा एवढंच म्हणून राहिले."

"बाप असता तुझा तर असं बोलला नसता."

"न्हाई बोलला कधीच. म्हणून तर चर बुजवायचं धाडस झालं," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते गेलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

त्यांनी साहेबांना फोन केला. आठवड्याच्या शेवटी गावात शेतकऱ्यांची बैठक होती, त्यात मला नकाशे दाखवायचे होते. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तो खालचा भाग कापून टाक. फक्त त्यांचं शेत दाखव."

"सर, पीक सडून राहिलंय तिथं."

"शेत तुझ्या आईचं आहे. लोक म्हणतील, घरचं भांडण प्रकल्पात आणलं. त्यांनी रान दिलं नाही तर उद्या आपण काम कुठं करायचं?"

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. शेत माझ्या आईचं आहे म्हणून तिथली हळद कमी सडते का? आणि दुसऱ्या कुणाचं असतं तर मी गप्प बसले असते का? दोन्हींचं उत्तर नाही असंच येत होतं. बैठकीला निघण्याआधी मी याडीला घेऊन वावरात गेले. आम्ही पट्ट्यातली झाडं उपटली, पट्ट्याबाहेरचीही उपटली आणि वेगवेगळ्या पिशव्यांत भरली.

समाजमंदिरात गर्दी होती. मी पूर्ण नकाशा भिंतीवर लावला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. कॅमेरा कसा बघतो ते सांगितलं, मग लाल पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आमचं वावर. वरचा चर बुजल्यानं पाणी इथं मुरतंय."

काका जागेवरूनच हसले. "रंग काय, माझा नातू बी भरतोय पाटीवर."

मी पिशव्या टेबलावर उपड्या केल्या. "हे लाल जागेतले कंद, हे हिरव्या जागेतले. हातात घेऊन बघा. वास घ्या."

पहिल्या ओळीतली माणसं मागं सरकली. वास खरोखरच तसा होता. काका उठले आणि कुणाकडंही न बघता बाहेर गेले. मला वाटलं, आता सगळेच उठतील. पण आमच्याही खालच्या अंगाला जिचं वावर आहे, ती बाई मागून ओरडली, "माझं रान बी दाव की! ह्या पट्ट्याचं शेपूट कुठवर गेलंय?"

ते तिच्या रानात शिरलेलं होतं. मी दाखवलं. मग आणखी एकानं विचारलं, आणखी एकानं. साहेबांनी चहा आला आहे असं जाहीर करून बैठक संपवली. गाडीत बसताना ते मला म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस."

"बरं," मी म्हणाले आणि प्लेट, रिमोट, सगळं त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी उठले तर याडी कुदळ घेऊन निघालेली. मी म्हणाले, काकांना पुन्हा एकदा सांगून बघू. ती म्हणाली, "त्याचं मन वळंपर्यंत पाणी थांबणार हाय का?" धुऱ्याच्या अलीकडं, आमच्याच बाजूला, तिनं वाफ्यांचा एक पट्टा उभ्या हळदीसकट मोडला आणि नवा चर खणायला घेतला. मी गेले, खालच्या वावरातली बाई आली, मग तांड्यातल्या आणखी बायका आल्या. काका त्यांच्या बांधावर उभे राहून बघत होते. याडीनं एकदाही मान वर केली नाही.

सडलेली हळद गेली ती गेलीच. पण पट्टा पुढं सरकला नाही.

हे मी सांगू शकते, कारण मी नंतरही मोजत राहिले. ओळखीच्या फोटोग्राफरकडून एक जुना कॅमेरा आणला. साध्या कॅमेऱ्यात तो न दिसणारा प्रकाश अडवणारी एक काच असते. दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घेतली आणि निळी काच बसवली. प्रकल्पाच्या कॅमेऱ्याइतका तो बारीक नाही, पण थकलेलं पान ओळखतो. बांबूच्या टोकाला बांधून मी ओळींमधून चालायला लागले. लोक विचारायचे, "सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरायला चालली का?" मी म्हणायचे, "व्हय, तुमच्याच वावरातले." आणि चालत राहायचे. फोटो दाखवले की हसणं थांबायचं, नेहमी नाही, पण पुष्कळदा.

काकांनी चर अजून मोकळा केलेला नाही. बुजवलेल्या जागी आता त्यांच्याच बाजूला पाणी तुंबतं, ते मी धुऱ्यावरून काढलेल्या फोटोत दिसतं. दर पावसाळ्यानंतर मी तो फोटो त्यांच्या ओसरीवर नेऊन देते. ते घेत नाहीत. मी तिथं ठेवून येते.

परवा हट्टा गावाहून एका शेतकऱ्याचा फोन आला. हळद बघायला या म्हणाला. "साहेब कोण येणार?"

"मीच येणार."

"तुमच्यासंगं कोण?"

"बांबू," मी म्हणाले.

तो म्हणाला, सकाळी लवकर या, दुपारी ऊन लई असतं. मी सांगितलं, ऊन डोक्यावर असतानाच कॅमेऱ्याला नीट दिसतं, तेव्हाच येते, पाण्याची घागर तेवढी वावरात आणून ठेवा.