गाढीकाठानं बाईंच्या मागं

सायकलवर बसायच्या आधी बाई सीटवर थाप मारायच्या, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी, आणि बोलायच्या, "चल गं, पोचायचं कुठंय आपल्याला?"

तुमी पण बघितलं असंल असं एखादं माणूस, ज्याला कुठंच पोचायचं नसतं. मला तर अशा माणसाची भीतीच वाटायची.

बाई आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. पुण्याकडच्या, तळोज्याला कंपनीत टायपिंगला, लग्न केलेलं नाय. रजा मिळाली की लोकं गावाला जातात, बाई सायकल काढून गाढी नदीच्या अंगानं जायच्या, एकट्या, सावकाश. झाड दिसलं की उतर, पाणी दिसलं की बस. आळीतल्या बाया बोलायच्या, "नदीला सासर हाय काय गो हिचं?" बाई हसून बोलायच्या, "माहेर आहे."

मी सातवीत शाळा सोडलेली, पोरगं अंगावर पितं, आणि मला सगळ्याचीच भीती, कुत्र्याची, विहिरीची, सासूच्या खोकल्याची. बाईंनीच मला मागच्या मैदानात सायकल शिकवली. पडले की बोलायच्या, "पडलीस ना? आता भीती संपली."

"नाय ओ बाई, वाढली!"

माझी मावशी गाढीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याला राहते. शिमग्याच्या आधी बाई बोलल्या, दोन दिवस तिकडं जाऊ, सायकलीनं. नवरा बोलला, आईला विचार. सासूचा जन्म मिठागरात गेला, तिचं बोलणं पण तसंच, खारं. बोलली, "जा. पण पोराला काय झालं तं या दारात पाय ठेवू नको." ती बोलली म्हंजे बोलली. मोठ्या जावेला तिनं घराबाहेर काढलेलं मी डोळ्यानं बघितलंय.

मला सायकल अजून नीट जमत नव्हती, म्हणून बाईंनी पोराला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आपल्या पाठीशी बांधलं. मी भाड्याच्या सायकलवर मागं. मी नदी बघितलीच नाय, पोराची मान बघत राहिले. बाई मात्र बाया कपडे धुताना दिसल्या की थांब, वालाच्या शेंगा दिसल्या की वास घे. मी मागून ओरडले, "बाई, ऊन चढतंय!"

"चढू दे. ते पण सुट्टीवर आहे."

रात मावशीकडं बरी गेली. सकाळी बाईंना ताडाची झाडं बघायची हौस. ताडी काढणारा भंडारी झाडावर चढलेला, खाली सावलीत त्याची मडकी. आमच्याकडं पोरासोरांना पण ठाऊक असतं, आतून चुना लावलेल्या मडक्यातली नीरा गोड राहते, ती लेकरांना देतात. बिनचुन्याच्या मडक्यातली चढते, ती गडी माणसांची. पोरगं बाईंकडं देऊन मी त्याचं दुपटं धुवायला नदीवर उतरले. बाईंनी वर तोंड करून विचारलं, "चुन्याचं घेऊ ना?" तो वरून बोलला, "घ्या, घ्या!" एका मडक्याच्या गळ्याला पांढरं दिसलं, बाईंना वाटलं हाच चुना. तो फेस व्हता, सुकलेला.

मी वर आले तवा पोरगं वाटी चाटत व्हतं. बाई खूश. "बघ, किती आवडलं त्याला!"

थोड्या वेळानं त्याची मान माझ्या खांद्यावर पडली. मला वाटलं झोपला. हाक मारली, हलवला, डोळे अर्धे उघडे आणि आत कोणीच नाय. हातपाय गार. भंडारी खाली उतरला, वाटीचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "बाई, ही गड्यांची हाय!"

मी बोंबच मारली. बाईंनी पोराला माझ्या हातातून घेतला, या वेळी पोटाशी बांधला, आणि सीटवर थाप न मारता निघाल्या. मी बाईंना तशी सायकल मारताना कधी बघितलं नव्हतं. खड्डा नाय, वळण नाय, बैलगाडीवाला शिव्या घालतोय, आणि त्या सारख्या पोराशी मोठ्यानं बोलतायत, "ए, बघ माझ्याकडं! झोपायचं नाही हां! कावळा बघ, म्हैस बघ, तुझी आई बघ कशी येतेय!" त्यांचा आवाज थांबला की माझा जीव थांबायचा. म्हणून मी पण पॅडल मारत राहिले, देवाचं नाव घेत, शिव्या देत, काय काय.

रस्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर बोलला, झोपू देऊ नका, साखरेचं पाणी चमच्यानं पाजा. बाई पाय चोळत बसल्या, मी पाजत बसले. पोरगं काय रडंना. त्याचं रडणं ऐकायला मी एवढी कधी आसुसले नव्हते. ऊन कलल्यावर ते भडभडून ओकलं आणि असं किंचाळलं की डॉक्टरच हसला. बाई बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

घरी येताना मी हात जोडले. "बाई, ताप आला व्हता सांगू. सासूला कळलं तर ती मला ठेवायची नाय."

बाईंनी पोराला परत बांधलं आणि सायकल काढली. दारात सासू उभीच. बाईंनी पोराला तिच्या हातात दिलं आणि बोलल्या, "आजी, मी याला चुकून ताडी पाजली. ही नदीवर होती. हिला काही बोलू नका, मला बोला."

सासूनं पोराचं तोंड हुंगलं. मग मला बोलली, "तू आत ये," आणि बाईंच्या तोंडावर दार लावलं.

माझं घर राहिलं. पण त्या दिवसापासून समोरच्या खोलीकडं बघायची चोरी झाली. बाई सकाळी कंपनीत जायच्या, बसनं. सायकल जिन्याखाली धूळ खात पडली.

पावसाळ्याआधी बाईंनी खोली सोडली. खाली टेम्पो लागला तवा मी पोळ्या लाटत व्हते, उठायची हिंमत नाय. बघते तं सासूच पोराला कडेवर घेऊन खिडकीत गेलेली. तिनं त्याला गजाशी उंच धरला, खालून दिसंल असा. हाक मात्र मारली नाय.

बाई आमच्याकडं पाठ करून टेम्पोत सायकल दोरीनं बांधत व्हत्या. गाठ मारत राहिल्या, परत सोडून मारत राहिल्या. वर काय बघितलं नाय.

पोरगं आता जड झालेलं, सासूला पेलवंना. मी बोलले, "आई, द्या, मी घेते."

"थांब जरा," ती बोलली, आणि टेम्पो वळंपर्यंत तिनं त्याला तसाच धरून ठेवला.